सीमंत कोणाचा?

गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या संस्कारांपैकी एक संस्कार सगळा बाईच्या केसांभोवती गुंफलेला आहे. त्याचे नाव सीमंतोन्नयन. सीमंत म्हणजे भांग. तो वरच्या दिशेने काढणे हा या संस्काराचा गाभा. आश्वलायन गृह्यसूत्रात तो गर्भाच्या चौथ्या महिन्यात सांगितला आहे. पतीने उंबराच्या कोवळ्या फळांचा घोस, तीन ठिकाणी पांढरे पट्टे असलेला साळिंदराचा काटा आणि कुशाच्या जुड्या हातात घ्यायच्या आणि पत्नीच्या कपाळापासून वर, मागच्या बाजूला भांग काढत न्यायचा. मग वीणा वाजवणाऱ्यांनी सोमराजाचे गाणे म्हणायचे. (लग्नाच्या आदल्या दिवशीचे सीमांतपूजन वेगळे, तिथली सीमा गावाची, ही केसांमधली.) आज महाराष्ट्रात डोहाळेजेवण आणि ओटीभरण टिकले, हा संस्कार मात्र फार थोड्या घरांत उरला. तरी त्यातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. नवऱ्याने बायकोचे केस हातात घेणे, तिच्या मागेपुढे उभे राहून ते सावकाश विभागणे, हे इथे धर्मकृत्य मानले आहे. एरवी ज्या कामाला आपण नट्टापट्टा म्हणून बाजूला सारतो, त्याला इथे मंत्र आहे, अग्नी आहे आणि गाणेही आहे.

या संस्कारावरून धर्मशास्त्रकारांत एक वाद झाला. सीमंतोन्नयन पहिल्या गर्भाच्या वेळी एकदाच करायचे की प्रत्येक गर्भाच्या वेळी पुन्हा? वरवर पाहता हा पुरोहितांचा तपशील वाटेल. पण त्याचे उत्तर एका मूळ प्रश्नावर अवलंबून आहे: हा संस्कार कोणाचा? तो स्त्रीचा असेल तर ती एकदा संस्कारित झाली की पुरे. पुढच्या प्रत्येक गर्भाला त्याचा लाभ मिळतो. तो गर्भाचा असेल तर दर खेपेला नव्याने करायला हवा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात ही दोन्ही मते नोंदवली आहेत. ती वाचताना लक्षात येते की दोन्ही बाजूंचा डोळा अखेर गर्भावरच आहे. पहिल्या मतातही स्त्री संस्कारित होते ती क्षेत्र म्हणून. पेरणीआधी जमीन तयार करावी, तशी. केस तिचे, भांग तिचा, पण त्या भांगाचे फळ दुसऱ्याचे. बाळंतपणानंतरच्या केसांचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. कारण मूल पोटातून बाहेर आल्यावर क्षेत्राचे काम संपते, आणि तेव्हा कळते की त्या केसांची कदर खरोखर कोणासाठी होती.

शरीरात काय घडते ते आधी नीट पाहू. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के एका वेळी वाढत असतात, उरलेले विश्रांतीत असतात आणि रोज ५० ते १०० केस गळून त्यांच्या जागी नवे येतात. गर्भारपणात इस्ट्रोजेन वाढते, त्यामुळे वाढीच्या अवस्थेतले केस तिथेच अडून राहतात. गळायचे ते गळत नाहीत आणि वेणी दाट होते. प्रसूतीनंतर काही दिवसांतच ही संप्रेरके खाली येतात आणि थांबून राहिलेले सगळे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही विश्रांती सुमारे ३ महिने चालते. म्हणून बाळंतपण आणि केसगळती यांच्यात मोठे अंतर पडते. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात गळती सुरू होते, चौथ्याच्या आसपास ती सर्वांत जास्त असते आणि मूल वर्षाचे होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. कपाळाच्या कडेला उभे राहणारे बारीक, आखूड केस ही नव्या वाढीची खूण. गळती वर्षापुढे चालू राहिली किंवा तिच्या जोडीला फार थकवा असला, तर थायरॉइड आणि रक्तातले लोह तपासून घ्यावे, कारण या दोन्हींत बाळंतपणानंतर बिघाड होऊ शकतो. एरवी हा आजार नव्हे. गर्भारपणात शरीराने राखून ठेवलेले केस ते आता सोडून देते, इतकेच.

आता या वेळापत्रकाशेजारी घरचे पंचांग ठेवा. वृद्धी, म्हणजे जन्माचे सोयर, १० दिवसांची. बाळंतिणीची मालीश, शेकशेगडी, ओवा आणि बाळंतशेपेची धुरी, डोक्यावर तेल, कानाला फडके, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हे सगळे सव्वा महिन्याचे. मुस्लिम घरांत चिल्ला ४० दिवसांचा. या दिवसांत तिच्या डोक्यावर कोणाचा तरी हात असतो. मग ती उठते, सासरी जाते किंवा कामाला लागते, मालीशवाली येणे थांबते. आणि केस गळायला सुरुवात होते ती त्यानंतर. म्हणजे गळतीच्या वेळी निगा नसते आणि निगेच्या वेळी गळती नसते. परंपरेने बाळंतिणीची काळजी घेतली नाही असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तिने ती मनापासून घेतली. पण ती प्रसूतीच्या जखमेची आणि दुधाची काळजी होती. जखम भरली, दूध आले, मूल बाळसे धरू लागले, की बाळंतीण हे तिचे नाव सुटले आणि त्याबरोबर तिच्याकडे पाहणेही सुटले. वैद्यकाची दृष्टी इथे थोडी सखोल होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूतिकेची पथ्ये दीड महिन्याने सैल करायला सांगितली आहेत, आणि तिची सूतिका ही संज्ञा संपण्याच्या संदर्भात पुन्हा ऋतुदर्शन होण्याचाही उल्लेख आहे. पहिले माप दिवसांचे, दुसरे तिच्या स्वतःच्या शरीराचे. दुसऱ्या मापाने पाहिले तर अंगावर पाजणाऱ्या बाईचे बाळंतपण कित्येकदा सहा-आठ महिने चालू असते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची प्रसूतिरजा दिली. ज्या मोजक्या बायकांना ती मिळते त्यांच्यापुरते तरी कायद्याचे पंचांग घरच्या पंचांगापेक्षा शरीराच्या जवळ आले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला यांतले कोणतेच पंचांग लागू नाही.

गळतीच्या या काळात निगा म्हणजे काय, तेही सांगायला हवे, कारण ते फार साधे आहे. कोणतेही तेल ही गळती थांबवत नाही. जे केस सुटायचे ते तीन महिन्यांपूर्वीच ठरलेले असतात. निगेचे काम वेगळे आहे. सुटलेला प्रत्येक केस खाली पडतोच असे नाही, विशेषतः कुरळ्या आणि दाट केसांत तो शेजारच्या जिवंत केसांना वेढून बसतो. चार-सहा दिवस फणी फिरली नाही तर गुंता होतो, गुंत्यात पुढचे गळलेले केस अडकतात, वर घाम आणि तेल बसते आणि गाठ घट्ट होते. कुरळे केस कोरडे विंचरले की तुटतात. ते ओलसर असताना तेलाचा किंवा कंडिशनरचा हात लावून, मोठ्या दातांच्या फणीने, आधी टोके सोडवून मग हळूहळू मुळाकडे जात मोकळे करावे लागतात. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि दोन्ही हात मोकळे लागतात. चार महिन्यांचे मूल असलेल्या बाईपाशी नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. म्हणून ती घट्ट अंबाडा बांधून टाकते, आणि रोजच्या ताणाने कपाळाकडचे केस आणखी विरळ होतात. हे काम दुसऱ्या कोणी केल्याशिवाय नीट होत नाही. माझ्या मते या विषयातला नैतिक प्रश्न इथेच आहे. केसांची निगा ही बाईची खासगी हौस आहे असे आपण धरून चालतो; बाळंतपणानंतरच्या वर्षात ती खासगी राहूच शकत नाही.

निगा न झाल्याचे टोक महाराष्ट्राने पाहिलेले आहे. गुंता वाढून त्याची जट होते, आणि जट दिसली की तिला यल्लमाचे बोलावणे समजण्याची रीत आपल्याकडे आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्या डोक्यावर फणी फिरली नाही त्या डोक्यावर भंडारा पडला. कितीतरी मुली अशा जटेपायी देवीला सोडल्या गेल्या. कितीतरी बाया मान दुखत असताना, उवा झालेल्या असताना, तो भार वर्षानुवर्षे वागवत राहिल्या. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यांच्या घरी जातात, भीती समजून घेतात आणि संमतीने जट सोडवतात किंवा कापतात, तेव्हा ते माझ्या दृष्टीने एक धार्मिक कामही करत असतात. दुर्लक्षाला दैवी अर्थ दिला की दुर्लक्ष करणाऱ्यांची सुटका होते. देवीने निवडले म्हटल्यावर आपण विंचरले नाही हे सांगायची गरज उरत नाही.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो हलका नाही. शरीर नाशिवंत, केस तर त्यातले सर्वांत निरुपयोगी. चरकसंहिता केसांना अस्थिधातूचा मल म्हणते. बौद्ध परंपरेत नव्या श्रामणेराला पहिले ध्यान दिले जाते ते केस, लोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे. त्यांची नावे सुलट आणि उलट म्हणत त्यांच्यावरची आसक्ती सोडवायची असते. मग ओंजळभर केस हातात येतात तेव्हा बाईने अनित्यतेचा तो धडा घ्यावा, तेलफणीत कशाला गुंतावे? या आक्षेपाला मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, वस्तूचे मोल आणि तिच्या निगेचे मोल या भिन्न गोष्टी आहेत. केसांना मल म्हणणारी तीच चरकसंहिता दिनचर्येत रोज डोक्याला तेल लावायला सांगते. केस टिकणार नाहीत हे वैद्याला ठाऊक होतेच. अन्नही टिकत नाही, म्हणून कोणी स्वयंपाक थांबवत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. श्रामणेर ते ध्यान स्वतःच्या केसांवर करतो, आणि स्वतः मागून घेतो. दुसऱ्याच्या गळणाऱ्या केसांकडे पाहून, हे सगळे अनित्य आहे, असे म्हणत फणी खाली ठेवण्याची परवानगी बुद्धाने कोणाला दिलेली नाही. विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आजारी भिक्षूची गोष्ट येते. तो स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. इतर भिक्षू त्याच्याकडे पाहत नाहीत, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नसतो. बुद्ध पाणी आणवून आनंदाच्या मदतीने त्याला धुतात, उचलून अंथरुणावर ठेवतात, आणि मग भिक्षूंना सांगतात की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार. माझी सेवा करावीशी वाटणाऱ्याने आजाऱ्याची करावी. अनित्यता शिकवणाऱ्याच्या हातात इथे पाण्याचे भांडे आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायातही शरीरातल्या भूतसमूहाला आणि आत वसणाऱ्या ईश्वराला कृश करणाऱ्यांच्या निश्चयाला आसुरी म्हटले आहे. शरीर झिजवणे म्हणजे वैराग्य, असे समीकरण आपल्या परंपरांत सर्वमान्य कधीच नव्हते. धम्मपदाने तर स्पष्ट सांगितले आहे की मुंडनाने कोणी श्रमण होत नाही आणि जटेने कोणी ब्राह्मण होत नाही.

त्याग स्वतः केलेला असला तरच त्याग. हे वाक्य सगळ्यांना मान्य असते, पण आई म्हटले की आपण ते विसरतो. महाराष्ट्राला याची फार जबर शिकवण मिळालेली आहे. विधवेचे केशवपन वैराग्य म्हणून सांगितले जाई. प्रत्यक्षात ते दहा-बारा वर्षांच्या मुलींवरही लादले जाई. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा तिथे येऊन बाळंत होणाऱ्या ब्राह्मण विधवा याच समाजातून आल्या, जिथे त्यांच्यासारख्यांच्या डोक्यावरचे केस वाढूच देत नसत. कोणत्या बाळंतिणीच्या डोक्याला तेल लावायचे आणि कोणत्या बाळंतिणीला विहीर दाखवायची, हे तिच्या शरीरावरून ठरत नव्हते. मूल कोणाचे, यावरून ठरत होते. सीमंतोन्नयनाच्या वादात जो प्रश्न सौम्यपणे लपला होता तो इथे उघडा पडतो. क्षेत्राची मशागत मालकाच्या पिकासाठी. पीक मालकाचे नसेल तर क्षेत्राला मोल नाही. फुले दांपत्याने त्या बायकांना सुरक्षित जागा, दाई आणि अन्न दिले ते असा कोणताही हिशेब न विचारता. पुढे १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातांनी ते काम होत होते त्यांनीच हात मागे घेतले. कोणाच्या केसांना कोणी हात लावायचा आणि कशासाठी, हा धर्माचा प्रश्न आहे हे त्यांना शास्त्र्यांपेक्षा आधी कळले होते.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे आणि तो बायकांकडूनच येतो. मूल झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखी दिसायला हवी, हा दबाव काय थोडा आहे? पोट आत जायला हवे, चेहऱ्यावर तेज हवे, आणि आता केसही दाट हवेत? निगेला धर्म म्हटले तर तिच्या कामांच्या यादीत आणखी एकाची भर पडणार. हा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो, आणि म्हणूनच हे कर्तव्य कोणावर येते हे आधी ठरवायला हवे. मी इथे बाईने काय करावे असे काहीच म्हणत नाही. तिला केस खांद्यापर्यंत कापावेसे वाटले तर कापू देणे हीसुद्धा निगाच आहे. कात्री कोणाच्या मनाने चालते, एवढेच पाहायचे. सवाष्णीने केस कापू नयेत असे म्हणून लांब, गुंतलेले, दुखणारे केस तिच्या डोक्यावर राखायला लावणे आणि विधवेने राखू नयेत म्हणून ते उतरवणे या एकाच हुकमाच्या दोन बाजू आहेत. कर्तव्य आहे ते भोवतालच्या माणसांवर: मूल तासभर सांभाळणे, पाणी तापवणे, मागे बसून गुंता सोडवणे. गळालेल्या केसांचा झुबका पाहून तिने घाबरून विचारले तर, हे तीन महिन्यांपूर्वीचे केस आहेत आणि नवे येत आहेत, हे नीट सांगणेही त्यातच आले.

काही जण मुलाचे हित पुढे करून हेच सांगतील. त्यात तथ्य आहे. आईचा गळलेला केस झबल्यात, मोज्यात अडकून बाळाच्या पायाच्या बोटाला वेढा घालतो, फास आवळतो आणि रक्तपुरवठा थांबतो, असे प्रसंग डॉक्टरांना माहीत आहेत; आईची गळती जोरात असते त्याच महिन्यांत ते जास्त घडतात. कारण न कळता बाळ सारखे रडत असेल तर त्याची बोटे पाहावीत असे म्हणूनच सांगितले जाते. ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी. पण आईच्या केसांची निगा याच कारणासाठी करायची असे ठरले, तर आपण पुन्हा त्या जुन्या मतापाशी येतो: संस्कार गर्भाचा, भांग फक्त निमित्त. बाळाला स्वतःच्या केसांचा पूर्ण संस्कार आहे. चौलकर्म आहे, जावळ आहे, त्यासाठी मामाची मांडी आहे, कुलदैवत आहे. मुस्लिम घरांत सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान केली जाते. बाळाचे उतरवलेले केस असे तोलून, जपून, देवाला वाहिले जातात. त्याच घरात न्हाणीच्या जाळीवरून उचलून फेकले जाणारे केस आईचे असतात.

परंपरेत याला उत्तर नाही असे मात्र नाही. ते सूत्रांत नाही, ओव्या-अभंगांत आहे. जनाबाईंच्या नावावर असलेल्या रचनांत विठ्ठल जनीबरोबर दळतो, शेण्या वेचतो, आणि तिला न्हाऊही घालतो: तिचे मोकळे केस हातात घेतो, डोक्याला लोणी लावतो, पाणी घालतो. तो हे का करतो याचे कारण तिथेच सांगितले आहे, आणि ते जनीच्या भक्तीचे बक्षीस म्हणून येत नाही. जनीला दुसरे कोणी नाही, म्हणून. कोणी म्हणेल जनी बाळंतीण नव्हती, नामदेवांच्या घरची दासी होती. बरोबर आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका स्वच्छ आहे. तिच्या पोटात कोणाचा वंश नव्हता, तिच्या भांगातून कोणाला फळ मिळायचे नव्हते. तिच्या केसांना हात लावण्याचे एकच कारण उरते: ते तिचे आहेत, गुंतले आहेत, आणि तिचे हात दिवसभर दुसऱ्यांच्या कामात अडकले आहेत. देवाच्या हातात साळिंदराचा काटा किंवा उंबराचा घोस नाही, घरात असते ते लोणी आहे. सीमंत कोणाचा, या शास्त्रकारांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मला फक्त इथे मिळाले आहे.

आश्वलायनाने भांग काढायला चौथा महिना सांगितला होता. प्रसूतीनंतरचा चौथा महिना हा केस सर्वांत जास्त गळण्याचा. त्या महिन्यात एखाद्या रविवारी सकाळी, बाळाला आजोबांकडे देऊन, तिला हवे असेल तर, नवऱ्याने पाट मांडून तिच्या मागे बसावे आणि रुंद दातांची फणी घेऊन टोकांपासून सुरुवात करावी.